धडा

क्लाक्सविकच्या मासळी कारखान्यात
अकरा वर्षं मी सॅल्मन तोलते.
पट्ट्यावरून एकेक मासा येतो,
काट्यावर आकडा थरथरतो, थांबतो.
चार-पाच किलोचे डावीकडे,
पाच-सहाचे उजवीकडे,
अंगावर जखम असलेले खालच्या पेटीत.
पहाटेचं पहिलं काम धडा करण्याचं:
रिकाम्या तसराळ्याचं वजन आधी वजा करायचं,
नाहीतर दिवसभर मापात पाप.

म्हणून तोर्शाव्नच्या दवाखान्यात
नर्स मारयुननं तो फॉर्म पुढे केला तेव्हा
वाटलं, हे तर माझंच काम.

प्रत्येक प्रश्नापुढे पाच चौकटी.
कधीच नाही, क्वचित, अधूनमधून, बहुधा, सदा.

मूल नाही या विचारानं कामातलं लक्ष उडतं का?
उडतं. पण हात चुकत नाहीत.
त्याला चौकट नाही.

घरच्यांना तुमचं मन कळतं, असं वाटतं का?
ईस्टरला सासूकडे नऊ नातवंडं जेवायला.
ती सगळ्यांत धाकट्याला माझ्या मांडीवर ठेवते
आणि काही आठवल्यासारखी
पटकन उचलून घेते.
ठेवणं मोजू,
की उचलून घेणं?
बराच वेळ पेन्सिल हवेतच.
मग, अधूनमधून.

औषधाच्या दुकानातली आनिका
शाळेत माझ्याच बाकावर बसायची.
सुयांची पिशवी ती दोनदा गुंडाळते
आणि मोठ्यानं हवेबद्दल बोलते.
त्या दुसऱ्या घडीविषयी
फॉर्ममध्ये कुणी काही विचारलं नव्हतं.

दोन खुर्च्या सोडून हॉग्नी.
त्याचा फॉर्म वेगळा, एकमेकांचं बघायचं नाही.
भरभर खुणा करत होता,
जसा पावसाआधी गवताचे भारे बांधतो.

गेल्या मे महिन्यात एका मेंढीचं कोकरू मेलं.
दुसरं एक होतं, आईविना.
हॉग्नीनं मेलेल्याचं कातडं सोलून
त्या पोरक्याच्या पाठीवर बांधलं.
मी कंदील धरून उभी.
मेंढीनं हुंगलं. परत हुंगलं.
मग पाय जरा फाकवून उभी राहिली, पिऊ दिलं.
आम्ही दोघं घरी आलो, हात धुतले,
बटाटे उकडले.
त्या रात्री कुणी काही बोललं नाही.
हे कितव्या चौकटीत बसतं, मारयुन?

तिनं बेरीज केली. माझे एकेचाळीस,
त्याचे ब्याण्णव, शंभरपैकी.
"ही काही परीक्षा नव्हे," ती म्हणाली,
"कुठे दुखतंय तेवढं कळावं म्हणून."
भली बाई. टेबलावर तिनं
स्वतःच्या मुलांचा फोटो पालथा घालून ठेवला होता.
मी विचारणार होते,
ही ओढ लागायच्या आधी, रिकामी असताना,
माझं वजन किती होतं
ते कुणी लिहून ठेवलंय का?
मला स्वतःला आठवत नाही.
पण गळ्यातून "आभारी आहे" एवढंच आलं.

परतताना समुद्राखालच्या बोगद्यात
रेडिओ खरखरून बंद पडला.
डोक्यावर अख्खा समुद्र, आणि हॉग्नी म्हणाला,
"मी सगळं खोटं लिहिलं."
"का?"
"माझा आकडा घसरला
तर तुला वाटेल, मी थांबायचं म्हणतोय."

"म्हणतोयस का?"

पुढच्या ट्रकचे लाल दिवे.
बराच वेळ नुसते लाल दिवे.
"अधूनमधून," तो म्हणाला.
मला हसू फुटलं. मग त्यालाही.
आणि वर चढ लागला तेव्हा
दोघांपैकी कोण रडत होतं
हे त्या अंधुक उजेडात दिसण्याजोगं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे
रिकाम्या तसराळ्यावर काटा दोन ग्रॅम दाखवत होता.
तळाशी एक खवला चिकटलेला, कालचा.
नखानं काढला.
पट्टा सुरू केला.